मानवी केसांच्या विगचा रंग घरी बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मानवी केसांचा विग, किंवा डोक्याचा फक्त विरळ वा टक्कल पडलेला भाग झाकणारा हेअर पॅच किंवा टॉपर वापरणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. विकत आणलेल्या विगचा रंग आपल्या केसांशी जुळत नाही, काही महिन्यांत तो तांबूस पडतो, किंवा सोनेरी विग तपकिरी करून हवा असतो. अशा वेळी घरी काय करता येते आणि काय करू नये, ते पुढे सांगितले आहे.

मानवी केसांचा विग घरी रंगवता येतो का?

येतो, पण एकाच दिशेने. फिकट विग गडद करणे, तांबूस पडलेल्या पॅचला पुन्हा काळसर छटा देणे किंवा तपकिरी विगला थोडी उबदार झाक आणणे ही कामे काळजी घेतल्यास घरी नीट होतात. गडद विग फिकट करणे हे मात्र वेगळे काम आहे आणि ते घरी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फिकट करण्यासाठी ब्लीच लागते, आणि विगचे केस बहुधा कारखान्यातच एकदा ब्लीच झालेले असतात. दुसऱ्यांदा ब्लीच केल्यावर ते ताणले की रबरासारखे लांबतात आणि तुटतात. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे बिघडलेला भाग कापून टाकता येतो आणि काही महिन्यांत माणूस ते विसरूनही जातो. विगमधला केस पुन्हा वाढत नाही आणि त्याला मुळातून तेलही मिळत नाही, म्हणून त्याचे झालेले नुकसान कायमचे असते. पुढची जवळजवळ सगळी उत्तरे या एका गोष्टीवरच आधारलेली आहेत.

डोक्यावरच्या केसांना लावतो तोच रंग विगला लावला, तर परिणाम वेगळा का दिसतो?

विगचे केस तुमच्यापर्यंत येण्याआधी बऱ्याच प्रक्रियांतून गेलेले असतात. भारतातून बाजारात जाणारे केस मुख्यतः दोन वाटांनी येतात. पहिली वाट देवस्थानांची. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेले केस देवस्थान लिलावाने विकते. हे केस एकाच वेळी कापलेले असल्यामुळे त्यांची मुळे एका बाजूला आणि टोके दुसऱ्या बाजूला ठेवता येतात. केसाच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म खवले अशा वेळी एकाच दिशेला राहतात आणि केस एकमेकांत अडकत नाहीत. व्यापारात यांना रेमी केस म्हणतात. दुसरी वाट गुंतवळाची. फणीत आलेले केस भांड्यांच्या किंवा सुयापिनांच्या मोबदल्यात दारोदार गोळा करणाऱ्या बायका आपल्याकडच्या गावांतून आणि वस्त्यांतून अनेकांनी पाहिल्या असतील. हा माल पुढे सोडवून, विंचरून, लांबीनुसार वेगळा केला जातो. कर्नाटकातील कोप्पळलगतचे भाग्यनगर या कामासाठी ओळखले जाते. गुंतवळात मुळे आणि टोके उलटसुलट मिसळलेली असतात, म्हणून कारखान्यात आम्लाच्या द्रावणाने खवले झिजवतात किंवा काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा थर देऊन केस चकचकीत करतात.

कोणत्याही वाटेने आलेले असोत, काळे केस हलक्या तपकिरी किंवा सोनेरी रंगात विकायचे असतील, तर ते आधी ब्लीच करून मग रंगवावे लागतात. ब्लीच झालेला केस सच्छिद्र असतो. तो रंग पटकन शोषतो, अपेक्षेपेक्षा गडद दिसतो आणि तितक्याच लवकर रंग सोडतोही. ज्या केसांवर सिलिकॉनचा थर शिल्लक असतो तिथे रंग धरत नाही आणि जिथे थर झिजला आहे तिथे तो जास्त बसतो, म्हणून पट्टे उमटतात. शिवाय डोक्यावर त्वचेची ऊब असते आणि मुळांजवळ रंग लवकर चढतो, तर विगला ती ऊब मिळत नाही. त्यामुळे रंगाच्या खोक्यावर छापलेला वेळ विगसाठी फक्त कमाल मर्यादा समजावा. नेमका वेळ आधी एका बटेवर रंग लावून घेतलेली चाचणी सांगेल; तिची रीत पुढे आहे.

माझा विग खरोखर मानवी केसांचा आहे, याची खात्री कशी करावी?

विगच्या आतल्या बाजूने, मानेजवळून, चार-पाच केस कापून घ्या आणि सिंकजवळ चिमट्यात धरून जाळून पाहा. मानवी केस जळताना केस जळल्याचाच परिचित वास येतो आणि मागे उरलेली राख बोटांनी चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो, आकसतो आणि त्याचा टणक मणी बनतो. दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरचे केस तपासावेत, कारण मिश्र विग बाजारात पुष्कळ आहेत. कृत्रिम धाग्यावर घरगुती केशरंग चढत नाही, ‘उष्णता सहन करणारा’ असे लेबल असले तरीही नाही.

पांढरे केस मिसळलेला पॅच रंगवला, पण पांढरे तसेच राहिले. असे का?

लांब आणि चांगल्या प्रतीचे खरे पांढरे केस दुर्मीळ आणि महाग असतात. म्हणून अनेक पॅचमध्ये काळे केस मानवी, तर त्यांत पेरलेले पांढरे केस कृत्रिम असतात. रंग मानवी केसांवर चढला, कृत्रिम धाग्यांवर चढला नाही. यात तुमची कृती चुकलेली नाही. पांढऱ्यांचे प्रमाण कमी करायचे असेल, तर ते धागे आतल्या बाजूने एकेक करून कापणे किंवा कारागिराकडून बदलून घेणे एवढेच करता येते.

विगसाठी कोणत्या प्रकारचा रंग घ्यावा?

घरगुती वापरात तीन प्रकार येतात. तात्पुरत्या किंवा अर्धस्थायी रंगात तयार रंगद्रव्य असते. ते डेव्हलपरशिवाय, म्हणजे पेरॉक्साइडचे द्रावण न मिसळता, लावले जाते आणि काही धुण्यांत उतरते. स्थायी रंगात अमोनियासारखा अल्कधर्मी घटक केस फुगवतो, रंगाचे लहान रेणू आत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या क्रियेने आतच मोठे होऊन अडकून बसतात. या दोहोंच्या मधला डेमी-पर्मनंट रंग सौम्य डेव्हलपरवर चालतो. तो केसाचा मूळ रंग जवळजवळ उजळवत नाही, फक्त त्यावर नवी छटा चढवतो.

विग गडद करण्यासाठी मी नेहमी हा तिसरा प्रकारच सुचवते. विगच्या केसांना आणखी फुगवण्याची किंवा उजळवण्याची गरज नसते, मग तीव्र रसायन वापरून उरलेले बळ का घालवायचे? डेव्हलपरच्या बाटलीवर १०, २०, ३० किंवा ४० व्हॉल्यूम असे आकडे असतात आणि त्यांचा अर्थ अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२ टक्के पेरॉक्साइड असा आहे. विग गडद करताना १० व्हॉल्यूम पुरते. २० च्या वर घरी जाऊ नये.

काळी पावडर पाण्यात कालवून लावण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तिने विग गर्द, सपाट काळा होतो आणि तो रंग नंतर कशानेही सहज निघत नाही. खऱ्या भारतीय केसांतही उजेडात किंचित तपकिरी झाक असते. ती नसली की विग लांबूनच ओळखू येतो.

खोक्यावरचे ४.३, ५.१ असे आकडे कसे वाचावेत?

बिंदूच्या आधीचा आकडा गडदपणाची पातळी सांगतो. १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ५ हलका तपकिरी आणि १० अत्यंत फिकट सोनेरी. बिंदूनंतरचा आकडा झाक सांगतो. बऱ्याच कंपन्यांत .१ ही राखाडी, .३ सोनेरी आणि .४ तांब्यासारखी झाक असते, परंतु सर्व कंपन्यांचे तक्ते सारखे नसतात, म्हणून घेताना त्या कंपनीचा तक्ता पाहावा. विग सच्छिद्र असल्यामुळे हव्या त्या रंगापेक्षा एक पातळी फिकट छटा निवडावी. आणखी गडद करायचे ठरले तर पुढच्या वेळी करता येते. उलट दिशेने परतणे अवघड असते.

काळा पॅच दोन-तीन महिन्यांत लालसर पडतो. त्याला पुन्हा काळा कसा करावा?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि विचारणारे बहुतेक जण रोज पॅच लावून कामावर जाणारे पुरुष असतात. लालसरपणाचे कारण समजले की उपाय आपोआप कळतो. केसातले काळे-तपकिरी नैसर्गिक रंगद्रव्य ब्लीचने टप्प्याटप्प्याने नष्ट होते आणि त्याच्या खाली दडलेली उबदार छटा उघडी पडते. ती प्रथम लाल, मग नारिंगी आणि शेवटी पिवळी असते. कारखान्यात केस थोडे उजळवून त्यावर काळा किंवा तपकिरी रंग चढवलेला असतो. ऊन, घाम, रोजचा शाम्पू आणि पॅच काढताना गोंद सुटण्यासाठी वापरलेले सॉल्व्हंट यांनी तो वरचा रंग उतरू लागतो. मग खालची नारिंगी दिसू लागते. दुचाकीवरून भर उन्हात रोज फिरणाऱ्यांना हे लवकर जाणवते आणि पॅचच्या पुढच्या कडेला ते सर्वाधिक दिसते, कारण ऊन आणि घाम दोन्ही तिथेच जास्त लागतात.

अशा वेळी नुसता काळा रंग थापणे हा चुकीचा उपाय आहे. त्याने पॅच बाजूच्या स्वतःच्या केसांपेक्षा काळा होतो, पुढच्या महिन्यात तो पुन्हा लालसर पडतो आणि मग त्यावर आणखी काळा चढवला जातो. योग्य रीत अशी की, आपल्या केसांची पातळी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहावी आणि त्याच पातळीची किंवा एक पातळी फिकट अशी राखाडी झाकेची डेमी-पर्मनंट छटा घ्यावी. रंगचक्रात नारिंगीच्या समोर निळा आणि लालच्या समोर हिरवा असतो. राखाडी झाकेच्या रंगांत हीच थंड रंगद्रव्ये असतात आणि ती उघड्या पडलेल्या उबदारपणाला दाबतात. पॅच फार केशरी झाला असेल, तर राखाडी आणि नैसर्गिक छटा निम्मी-निम्मी मिसळावी, कारण निव्वळ राखाडीने केस निस्तेज, काहीसे मातकट दिसू शकतात.

रंगवताना पॅच डोक्यावर असू नये. डोक्यावर चिकटवलेल्या पॅचला रंग लावला, तर तो तळातून झिरपून त्वचेवर साचतो, चिकटपट्टी सैल करतो आणि धुताना पूर्ण निघत नाही. पॅच काढावा, गोंद पूर्ण स्वच्छ करावा, मगच रंगाला हात घालावा. रंगवल्यानंतर बाहेर पडताना टोपी किंवा स्कार्फ वापरल्यास रंग बराच काळ टिकतो.

सोनेरी विग थेट तपकिरी केला आणि तो हिरवट दिसू लागला. कारण काय?

सोनेरी विगमधून, म्हणजे बाजारात ६१३ या क्रमांकाने विकल्या जाणाऱ्या विगमधून, केसांतला लाल-नारिंगी भाग पूर्ण काढलेला असतो. तपकिरी रंग तपकिरी दिसायला तो भाग खाली असावा लागतो. तो नसताना राखाडी किंवा नैसर्गिक तपकिरी रंग लावला की हिरवट-मातकट छटा येते. यासाठी आधी फिलर म्हणून सोनेरी-तांबूस छटेचा सौम्य रंग लावतात, तो धुऊन केस वाळवतात आणि त्यावर हवा तो तपकिरी चढवतात. हलका तपकिरी हवा असेल तर सोनेरी फिलर, गडद हवा असेल तर तांबूस. एकाच टप्प्यात काम उरकायचे असेल, तर निदान राखाडी झाक टाळून .३ झाकेची छटा घ्यावी. तरीही दोन टप्प्यांचा परिणाम अधिक खरा दिसतो आणि अधिक टिकतो.

प्रत्यक्ष रंगवण्याची रीत सविस्तर सांगाल का?

आदल्या दिवशी विग डीप-क्लीन्झिंग शाम्पूने धुवावा, म्हणजे सिलिकॉन, स्प्रे आणि तेल निघून जाईल. कंडिशनर लावू नये. विग पूर्ण वाळल्यावर मानेजवळच्या आतल्या थरातून पेन्सिलीएवढ्या जाडीची एक बट निवडून तिच्यावर चाचणी घ्यावी. दर पाच मिनिटांनी ओल्या कापसाने बटेचा थोडा भाग पुसून रंग पाहावा आणि हवा तसा दिसताच वेळ लिहून ठेवावी. मग बट धुऊन, वाळवून, खिडकीच्या उजेडात पाहावी. ओला केस नेहमी गडद दिसतो, म्हणून ओल्या बटेवरून निर्णय घेऊ नये. ही चाचणी टाळण्याचा मोह फार होतो, कारण तिच्यात अर्धा दिवस जातो. पण हजारो रुपयांच्या विगसाठी अर्धा दिवस फार नाही.

चाचणी मनासारखी झाली की थर्मोकोलच्या किंवा कॅनव्हासच्या डोक्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळून त्यावर विग टाचण्यांनी बसवावा. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि रंग प्लास्टिकच्या किंवा काचेच्या वाटीत कालवावा. स्टीलची वाटी आणि चमचा दूर ठेवावा. रंग आणि डेव्हलपर यांचे प्रमाण कंपनीच्या सूचनेप्रमाणेच घ्यावे. काही ठिकाणी ते एकास एक असते, काही ठिकाणी एकास दीड किंवा दोन. दाट, लांब विगला एक ट्यूब पुरत नाही. मिश्रण मध्येच संपले आणि नवे कालवेपर्यंत वेळ गेला, तर पट्टा उमटतो. म्हणून एक ट्यूब जास्त आणून ठेवावी.

विगचे चार भाग करून क्लिपा लावाव्यात. मानेकडून सुरुवात करून, बोटभर रुंदीचे थर घेत, मुळापासून साधारण एक सेंटीमीटर जागा सोडून ब्रशने दोन्ही बाजूंनी रंग लावावा. केस रंगात अक्षरशः न्हायला हवेत, कारण कोरडा राहिलेला भाग वाळल्यावर लगेच दिसतो. संपूर्ण विग झाल्यावर मुळांजवळची सोडलेली जागा अगदी कमी रंग घेतलेल्या जुन्या टूथब्रशने भरावी. मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर येत हलकेच फिरवावा. चाचणीत ठरलेली वेळ होताच विग नळाखाली धरावा. पाणी कोमट किंवा थंड असावे आणि धार मुळाकडून टोकाकडे जावी. विग चोळू नये, पिळू नये, गोळा करू नये. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतल्यावर रंगवलेल्या केसांसाठीचा कंडिशनर फक्त लांबीवर लावून दहा मिनिटे ठेवावा. मुळांशी लावल्यास केस तळाच्या जाळीला बांधणाऱ्या गाठी सैल होतात. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि विग स्टँडवर, सावलीत, पंख्याखाली वाळवावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्याला दीड-दोन दिवस लागू शकतात. तळ ओला असताना विग डब्यात ठेवला तर त्याला बुरशीचा वास येतो, म्हणून थंड हवेवरचा ड्रायर वापरायला हरकत नाही.

गरम पाण्यात रंग कालवून विग बुडवण्याची पद्धत चांगली आहे का?

ती फक्त फिकट विग आणि अर्धस्थायी रंग यांच्यासाठी योग्य आहे. पसरट टबात गरम पाणी घेऊन त्यात रंग पूर्ण विरघळवतात आणि विगचा तळ हातात धरून केवळ केस बुडवतात. रंग काही मिनिटांत, बऱ्यापैकी एकसारखा चढतो. पेरॉक्साइड लागत नसल्यामुळे केसांचे नुकसानही कमी होते. मात्र हा रंग धुण्यागणिक उतरतो आणि घाम आल्यास कॉलरला लागू शकतो. काळ्या किंवा गडद तपकिरी विगवर या पद्धतीने काहीही दिसणार नाही.

लेसवर, म्हणजे विगच्या तळाच्या बारीक जाळीवर, रंग लागला तर काय करावे?

लागू न देणे हाच खरा उपाय आहे. मिश्रण दाटसर ठेवावे, ब्रश आडवा धरावा आणि पुढच्या कडेला शेवटी रंग लावावा. केसांच्या रेषेपुढच्या मोकळ्या लेसवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवावा. जेली केसांवर गेली तर तिथे रंग धरणार नाही, याचे भान ठेवावे. रंग लागलाच, तर तो ओला असतानाच मेकअप रिमूव्हर लावलेल्या कापसाच्या काडीने टिपावा. वाळलेला स्थायी रंग लेसमधून बहुधा पूर्ण निघत नाही. घासत बसण्यापेक्षा लेसच्या आतल्या बाजूने आपल्या त्वचेच्या रंगाचे फाउंडेशन लावून डाग झाकणे बरे, कारण घासल्याने बारीक जाळी फाटते.

लेसवरच्या काळ्या गाठी ब्लीच कराव्यात का?

गाठी फिकट केल्यावर भांग खऱ्या त्वचेसारखा दिसतो, हे खरे आहे. त्यासाठी ब्लीच पावडर आणि २० व्हॉल्यूम डेव्हलपर यांची घट्ट लापशी लेसच्या आतल्या बाजूने लावतात. मिश्रण जरा सैल झाले की ते जाळीतून वर जाते आणि केसांची मुळे नारिंगी होतात, आणि वेळ थोडी जास्त झाली की गाठी कमकुवत होऊन केस गळू लागतात. ज्याने हे काम आधी कधी केलेले नाही, त्याने नव्या विगवर ते शिकू नये. फाउंडेशन किंवा पावडरने भांग झाकला, तरी रोजच्या वापरासाठी पुरेसे असते.

मेंदी आणि नीळ (नीळपत्ती) वापरता येईल का?

मानवी केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात आणि मेंदीतले रंगद्रव्य केराटिनला बांधले जाते, म्हणून विगवरही मेंदी चढते. शुद्ध मेंदीने केशरी-तांबूस रंग येतो. तो पुढचे दोन-तीन दिवस गडद होत जातो. त्यावर नीळपत्तीचा लेप दिला की तपकिरी ते काळा रंग मिळतो. अडचण रंगाची नसून लेपाची आहे. पाल्याचे बारीक कण गाठींत आणि जाळीत अडकतात, ते काढण्यासाठी विग पुन्हा पुन्हा धुवावा लागतो आणि फिकट लेस कायमची केशरी होते. लेसऐवजी कापडी टोपीवर शिवलेल्या पट्ट्यांचा विग असेल, तर वस्त्रगाळ मेंदी वापरून हा प्रयोग करता येतो.

दोन इशारे महत्त्वाचे आहेत. ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पुड्यांमध्ये पीपीडी हे रासायनिक रंगद्रव्य असते. तसेच काही मिश्र मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात. असे क्षार बसलेल्या केसांवर नंतर पेरॉक्साइड पडले, तर केस तापून तुटू शकतात. नीळ लावलेला विग पुढे ब्लीच केल्यास हिरवा पडू शकतो. म्हणून मेंदी-नीळ लावलेला विग पुढेही मेंदी-नीळीनेच रंगवावा.

अमोनिया नसलेला रंग त्वचेला सुरक्षित असतो ना?

अमोनिया नाही याचा अर्थ पीपीडी आणि पेरॉक्साइड नाही, असा होत नाही. ॲलर्जी मुख्यतः पीपीडी आणि तत्सम रंगद्रव्यांमुळे होते. रंग विगला लावायचा असला तरी तो विग कपाळाला आणि कानाला टेकणार असतो, शिवाय रंगवणाऱ्याचे हात त्यात असतात. म्हणून विग घालणाऱ्या आणि रंगवणाऱ्या अशा दोघांनीही कोपराच्या आत थेंबभर रंग लावून ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली किंवा सूज आल्यास तो रंग वापरू नये. याआधी कधी मेंदीच्या टॅटूने फोड आले असतील, तर चाचणीही घरी न करता त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

केमोथेरपी घेणाऱ्या आईसाठी विग रंगवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

शक्य असेल तर उपचार सुरू होण्यापूर्वीच आईच्या केसांची एक बट कापून ठेवावी आणि दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढावे. ज्या औषधांनी केस जातात, त्यांत गळती बहुधा पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत सुरू होते. नंतर रंग आठवणीवरून जुळवणे फार कठीण जाते. बट हातात असली की दुकानातच जुळता विग निवडता येतो आणि रंगवण्याची वेळच येत नाही. माझ्या दृष्टीने या परिस्थितीत तोच उत्तम मार्ग आहे.

तरीही रंगवायचा असल्यास तो घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, आई ज्या खोलीत नाही अशा हवेशीर जागी रंगवावा. उपचारांच्या काळात अनेकांना वासाने मळमळते. विग दोनदा शाम्पूने धुऊन, पूर्ण वाळवून, रसायनाचा वास अजिबात उरला नाही याची खात्री झाल्यावरच द्यावा. आत मऊ सुती टोपी घालायला सांगावे. टाळूवर फोड, जखम किंवा पुरळ असेल, तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. विग एखाद्या संस्थेने वापरून परत करण्यासाठी दिलेला असेल, तर त्यांच्या परवानगीशिवाय रंगवू नये. तो पुढे दुसऱ्या रुग्णाला जायचा असतो. नव्याने येणारे केस पूर्वीपेक्षा वेगळ्या पोताचे किंवा रंगाचे असू शकतात, त्यामुळे ते केस आल्यावर विग पुन्हा जुळवण्याची घाई करू नये.

नाटकासाठी विग काही दिवस करडा दिसायला हवा आहे.

त्यासाठी स्थायी रंग मुळीच वापरू नये. प्रयोगापुरता रंगाचा स्प्रे किंवा रंगभूषेतला पांढरा रंग टूथब्रशने वरवर फिरवावा आणि प्रयोगानंतर धुऊन काढावा. कानशिलांवर आणि भांगाशी थोडी पांढरी झाक दिली, तरी प्रकाशझोतात वय दिसते. भाड्याने आणलेल्या विगवर काय चालते, ते मालकाला आधी विचारावे.

रंग फार गडद आला. आता काढता येईल का?

पहिल्या एक-दोन दिवसांत कोंड्यावरच्या किंवा डीप-क्लीन्झिंग शाम्पूने तीन-चार वेळा धुतल्यास रंग काही अंशी उतरतो, डेमी-पर्मनंट असेल तर अधिक. प्रत्येक वेळी कंडिशनर लावावा. त्यावर फिकट छटेचा रंग लावून काही होणार नाही, कारण रंगाने आधीचा कृत्रिम रंग उजळत नाही. खाण्याचा सोडा, लिंबू आणि ऊन असे घरगुती उपाय सुचवले जातात. त्यांनी रंगापेक्षा केसच अधिक कोरडे होतात. धुऊनही गडदपणा राहिला, तर विग रंगवण्याचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाकडे जावे आणि कोणता रंग, कोणता डेव्हलपर, किती वेळ ठेवला हे लिहून न्यावे.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. त्याने फरक पडतो का?

पडतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर थर धरतात, त्यामुळे केस खरखरीत होतात आणि रंग निस्तेज दिसतो. लोह किंवा तांब्याचा अंश असेल, तर त्यांची पेरॉक्साइडशी क्रिया होऊन केस आणखी कमकुवत होतात. रंगवण्यापूर्वीचे शेवटचे धुणे आणि रंगानंतरचे शेवटचे धुणे फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या स्वच्छ पाण्याने करावे. शेवटच्या तांब्याभर पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घातले, तर केसांचे खवले बसतात आणि चमक येते.

एकदा रंगवलेला विग पुन्हा किती दिवसांनी रंगवावा?

दिवस मोजण्यापेक्षा केस पाहावा. एक केस ओला करून दोन बोटांत हलका ताणावा. तो थोडा लांबून पुन्हा मूळ लांबीवर आला, तर त्यात बळ शिल्लक आहे. तो लांबतच गेला किंवा तटकन तुटला, तर त्या विगला पेरॉक्साइड असलेला कोणताही रंग लावू नये. अशा विगची छटा फक्त डेव्हलपर न लागणाऱ्या अर्धस्थायी रंगाने किंवा रंगीत कंडिशनरने सांभाळावी. दर वेळी संपूर्ण लांबीवर रंग चढवण्याचीही गरज नसते. जो भाग तांबूस पडला आहे तेवढाच, म्हणजे बहुधा पुढची कड, भांग आणि टोके, रंगवावीत आणि शेवटची पाच मिनिटे तोच रंग ओल्या कंगव्याने उरलेल्या केसांवर पातळ पसरावा, म्हणजे जोड दिसत नाही.